बाद केलेले फोटो

प्रिय शहाण्या,

‘प्रिय’ लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. तरी लिहिलंय, कारण आईने पाकीट उघडलंच तर पहिला शब्द तरी बरा दिसावा. पुढचं तिला वाचता यायचं नाही, माझं अक्षर तिला तसंही लागत नाही. अकरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस. मेल करावा तर तो तुझ्याआधी तुमच्या कंपनीचे वकील वाचतात, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा हा कागद, आणि तो पोचवायला आई. तिला म्हटलंय, महत्त्वाचं आहे, त्याचं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही. म्हणजे आता तुझी सुटका नाही. लहानपणी पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान उघडायचास. आज तसं केलंस तर याद राख. पहिल्यापासून ओळीने वाच. मला जे बोलायचंय ते सगळं आधी ऐकून घ्यायचं.

अपघाताच्या चौकशी समितीला दिलेलं तुझं निवेदन मी वाचलं. आमच्या मोठ्या साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः सिंकपाशी जाऊन, आधीच धुतलेला कप पुन्हा धुवायला लागले. तुझं वाक्य मला पाठ झालंय. ‘प्रयोगशाळेकडून आलेल्या स्लाइडचा दर्जा समाधानकारक नसल्यामुळे प्रणालीस अचूक मोजणी करता आली नाही.’ खाली तुझी सही, ती लांब शेपटीची, नववीत असताना जिच्या सरावात वहीच्या वही संपवलीस. प्रयोगशाळा म्हणजे कोण रे? प्रयोगशाळा म्हणजे मी. बावीस वर्षं त्या खोलीत मी स्लाइड बनवतेय. मान गेली, चष्म्याचा नंबर चारदा बदलला, पण माझ्या स्लाइडला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. ठेवली ती माझ्या सख्ख्या भावाने, आणि तीही लेखी. तोंडावर बोलला असतास तर एक कानाखाली वाजवून मोकळी झाले असते. समितीच्या कानाखाली कशी वाजवू?

आणि स्लाइड म्हणजे काय, हे तुला शिकवलं कुणी? कॉलेजात होतास, सुट्टीत माझ्याकडे लॅबमध्ये आला होतास. मायक्रोस्कोपला डोळा लावलास आणि दोन मिनिटांत ओरडलास की सापडली, पेशी सापडली. तो हवेचा बुडबुडा होता. मी हसले नाही. शेजारी बसवून सगळं दाखवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन दिवस उबेत ठेवायच्या, त्या दुभंगायच्या बेतात आल्या की थांबवायच्या, मग थंड ओल्या काचेवर वीतभर उंचीवरून थेंब टाकायचा. तेव्हा पेशी पसरते आणि तिच्यातली गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात, आखूड काड्यांसारखी, प्रत्येकीला एक कंबर. माणसाच्या अंगावर किरणं पडली असतील तर या काड्या तुटतात आणि तुटलेली टोकं घाईघाईत भलत्याच जोडीदाराला चिकटतात. मग एकाच काडीला दोन कमरा. धडधाकट माणसात अशी काडी हजार पेशींत एखादी. किती पेशींत किती सापडल्या यावरून सांगता येतं, अंगावर किती किरणं पडली. रक्त खोटं बोलत नाही, असं मी तेव्हा तुला म्हटलं होतं, आणि तू ते पुढे तुमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात स्वतःचं म्हणून छापलंस. तेही मी सोडून दिलं होतं.

तुझ्या प्रोग्रॅमचा मला राग नव्हता. हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच जास्त लागतंय. एका माणसाच्या पेशी हाताने मोजायला मला दीड-दोन दिवस लागतात. तू आलास आणि म्हणालास की ताई, तू फक्त फोटो काढ, बाकी क्लाउडवर. कुठल्या तरी दूरच्या इमारतीतले शेकडो कॉम्प्युटर एकदम कामाला लागतील, प्रत्येक जण थोडे थोडे फोटो मोजेल आणि दुपारच्या चहापर्यंत आकडा हातात येईल. आईने विचारलं होतं, ढगात ठेवलेले फोटो पावसात भिजत नाहीत ना. आपण तिघं किती हसलो होतो. तू माझ्या जुन्या पंधरा नमुन्यांवर तो चालवून दाखवलास, पंधराही बरोबर आले. त्या दिवशी मी बिल्डिंगच्या जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं की हे माझ्या भावाने केलंय. आता वाटतं, तोंडाला कुलूप लावलं असतं तर बरं झालं असतं.

मग तो कारखान्यातला अपघात. टाक्यांच्या आणि पाइपांच्या वेल्डचे आतले फोटो काढायला जी किरणोत्सर्गी कुपी वापरतात, ती शुक्रवारी यंत्रातून निसटून पडली आणि मंगळवारी कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीत, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सापडली. मधले दिवस कुणाकुणाजवळ किती वेळ होती, कुणी कबूल होईना. त्रेसष्ट माणसांचं रक्त आमच्याकडे आलं. हाताने मोजायचं तर चार महिने गेले असते, तुझ्या प्रोग्रॅमने एका दुपारी निकाल लावला. तुलना करायला एक स्वच्छ नमुनाही लागतो, किरणांच्या वाटेला कधीच न गेलेल्या माणसाचा. दर वेळी आम्ही तो लॅबमधल्याच कुणाचा तरी घेतो. त्या दिवशी तू हजर होतास. सिस्टर सुई घेऊन माझ्याकडे वळली तेवढ्यात तूच बाही वर केलीस आणि म्हणालास, माझं घ्या, माझ्या प्रोग्रॅमसाठी एवढं तरी करू द्या. किरणांजवळ कधी गेला होतात का, या फॉर्मवरच्या प्रश्नांना सगळीकडे ‘नाही’वर खूण केलीस. तुझा नंबर चौसष्ट. मला कौतुक वाटलं होतं. नंतर तू तीनदा फोन करून विचारलंस, माझा आकडा आला का. शून्य आला, असं सांगितलं तेव्हा तू इतका वेळ गप्प राहिलास की मला वाटलं लाइन गेली.

सतरा नंबर, तो फिटर, त्याची गोष्ट आता नीट वाच. निवेदनात तू त्याला ‘संबंधित व्यक्ती’ म्हटलंयस. तो चाळिशीचा आहे, बुटका, बोलताना पान्हा फिरवल्यासारखा हात फिरवतो. त्याला दोन मुली. शनिवारी सकाळी जमिनीवर पेन्सिलीच्या तुकड्याएवढा चकचकीत स्टीलचा तुकडा दिसला, कुठल्या तरी यंत्राचा असेल म्हणून त्याने पँटच्या खिशात टाकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो त्याच्या उजव्या मांडीला घासत होता. मग हरवायला नको म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला. कुपी सापडल्यावर नोकरी जाईल या भीतीने तो गप्प बसला. मांडीवर लाल चट्टा आला, तो डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी आपला रिपोर्ट पाहिला. रिपोर्ट म्हणत होता, किरणं नगण्य. फिटरला चटके काय नवे असतात? तापलेलं काही लागलं असेल म्हणून मलम दिलं आणि कामावर जायला सांगितलं. तीन आठवडे तो त्या पायावर उभा राहून काम करत होता. बायकोने जबरदस्तीने परत आणला तेव्हा चट्ट्याचा मधला भाग काळा पडला होता.

त्या दिवशी मी त्याच्या स्लाइड पुन्हा काढल्या. मायक्रोस्कोपखाली तिसऱ्या मिनिटाला एक पेशी दिसली, तिच्यात दोन कमरांच्या चार काड्या. एका पेशीत चार! प्रोग्रॅमने त्याच्या आठशे फोटोंत मिळून दोन मोजल्या होत्या. मग मी ते केलं जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ‘बाद’ नावाचा फोल्डर उघडला. तुझ्या प्रोग्रॅमने दोनशे अकरा फोटो बाद केले होते. कारण काय? आकार वेडावाकडा, काड्या एकमेकींना चिकटलेल्या, फोटो अयोग्य. अरे शहाण्या, वेडावाकडा आकार हीच तर बातमी होती! ज्या मांडीशी कुपी होती तिथून त्या तासांत जे रक्त फिरलं, त्यातल्याच पेशींची पार वाट लागली होती. बाकीच्या ठणठणीत. तुझ्या प्रोग्रॅमने नेमक्या वाट लागलेल्या पेशी उचलून कचऱ्यात टाकल्या, ठणठणीत तेवढ्या मोजल्या आणि माणूस ठणठणीत असल्याचं कळवलं.

हे कशामुळे झालं, तेही मी शोधून काढलंय. तुमच्या कंपनीतल्या त्या चष्मेवाल्या मुलीने सांगितलं, तिला ओरडू नकोस. त्याच कारखान्याच्या वेल्डचे फोटो तपासायचा प्रोग्रॅमही तुझाच. तिथे फोटो हलला, वाकडा आला, गर्दीचा आला की तो बाद करून दुसरा काढायला सांगतात. ते बरोबरच आहे, पाइप काही पळून जात नाही. ती फोटो निवडायची चाळणी तू तशीच उचललीस आणि माझ्या पेशींना लावलीस. माझे पंधरा जुने नमुने सगळे थोड्या डोसचे होते, त्यात फारसं काही बाद झालंच नाही, म्हणून पंधराही बरोबर आले. तुला कुणी विचारलंही नाही आणि तू मला विचारलं नाहीस. लोखंड आणि रक्त यांत फरक असतो, एवढं विचारायला एक फोन पुरला असता. माझा नंबर तुझ्याकडे जन्मापासून आहे.

चूक कुणाच्याही हातून होते. माझ्याही झाली, ती मी लपवत नाही. रिपोर्टवर सही माझी आहे. सतरा नंबरचे चौथाई फोटो बाद झाले हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरात छापलं होतं आणि मी ते पान उलटलं. भावाचं काम आहे, म्हणून उलटलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर दहा प्रश्न विचारले असते. गुरुवारी समितीसमोर हे मी असंच्या असं सांगणार आहे, सगळे बाद फोटो घेऊन जाणार आहे, मग माझं काय व्हायचं ते होवो. पण मी तुला अकरा दिवसांपूर्वी फोनवर हे सगळं सांगितलं, तू सगळं ऐकून घेतलंस, आणि दुसऱ्या दिवशी ते निवेदन पाठवलंस. म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून तू स्लाइडवर ढकललंस. चाळणी जशीच्या तशी ठेवलीस. आम्ही लॅबमधल्या तिघी आता हाताने बाद फोटो मोजतोय. बावीस जणांचे झाले, सतरा नंबर धरून पाच जणांचे आकडे बदलले. पाचही जण त्याच टेबलाशी बसणारे. उरलेले एक्केचाळीस जण स्वतःला धडधाकट समजून घरी बसलेत, कारण तुमच्या कंपनीला तिचा प्रोग्रॅम निर्दोष हवा आहे. तुला झोप कशी लागते, हे मी तुला विचारणार होते. खूप वाईट शब्दांत विचारणार होते. दोन मसुदे फाडले, त्यांत ते शब्द होते.

तू असा कधीच नव्हतास, याचाच संताप होत होता. तू लबाड होतास, पण दुसऱ्याच्या अंगावर कधी घातलं नाहीस. तुझी लबाडी नेहमी स्वतःपुरती. आठवतं का, तू दहा वर्षांचा असताना शाळेच्या भिंतीवरून पडलास आणि मनगट मोडलंस? आई ओरडेल म्हणून दोन दिवस हात खिशात घालून घरभर हिंडलास. शीळसुद्धा घालत होतास. तू डाव्या हाताने जेवायला लागलास तेव्हा मला शंका आली. मी हात ओढून बाहेर काढला, तर सुजून केवढा झालेला. तू रडला नाहीस, उलट माझ्यावरच खेकसलास की काही झालेलं नाही, तुला मेलीला काय कळतंय. डॉक्टरांच्या दारापर्यंत भांडत होतास. घाबरलास की तू भांडतोस, हे मला तेव्हापासून माहीत आहे. बघ, माहीत असून मी विसरले.

काल मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. पाय राहील असं सर्जन म्हणतात, मांडीचा बराच भाग काढावा लागेल. मी फिटरची माफी मागितली. त्याने पान्हा फिरवल्यासारखा हात फिरवून ‘राहू द्या’ म्हटलं. बायको मात्र मला दारापर्यंत सोडायला आली आणि भरपूर बोलली, तो तिचा हक्कच होता. मी खाली मान घालून ऐकलं. मग आतून त्यानेच तिला हाक मारून थांबवलं आणि म्हणाला, बाईंना कशाला बोलतेस, त्यांचे ते कॉम्प्युटरवाले भाऊ भले आहेत, त्या सोमवारी आमच्यातच बसून काम करत होते. मी मागे वळले. कुठला सोमवार, म्हणून विचारलं. तो सांगायला लागला. कुपी सापडायच्या आदल्या दिवशी तू वेल्डवाल्यांना नवा स्क्रीन शिकवायला गेला होतास. ऑफिसातली वीज गेली होती. लॅपटॉप लावायला प्लग फक्त विश्रांतीच्या खोलीत, त्या टेबलाशी, म्हणून त्याने स्वतःची खुर्ची तुला दिली. दीड-दोन तास बसले होते साहेब, ड्रॉवरला गुडघे टेकून, असं तो म्हणाला. वॉचमन तुला ओळखतो, त्यामुळे गेटवरच्या वहीत तुझं नाव नाही. त्रेसष्टांच्या यादीतही नाही.

हॉस्पिटलमधून मी सरळ लॅबमध्ये गेले आणि चौसष्ट नंबरचा बाद फोल्डर उघडला. आता तुला कळलं असेल हे पत्र कशासाठी आहे. निवेदनासाठी नाही. एकशे अठरा फोटो बाद केलेत तुझ्या प्रोग्रॅमने तुझे. मी ते एकदा मोजले, मग डोळे धुऊन पुन्हा मोजले, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईला नंबर झाकून मोजायला दिले. एकोणीस पेशी, बाळा. एकोणीस पेशींत दोन कमरांच्या काड्या. आणि तुझ्याच रक्ताला आम्ही शून्य धरून त्रेसष्ट माणसं मोजली. तू बाही का वर केली होतीस, तीनदा फोन का केलास, शून्य ऐकून का गप्प झालास, आणि त्या प्रोग्रॅमसाठी माझ्याशी का भांडतोयस, ते मला काल एकदम कळलं. प्रोग्रॅम चुकला असेल तर तुझा शून्यही चुकला. नीट ऐक. एवढ्याने माणूस मरत नाही. पण तुझं रक्त पुन्हा तपासायला हवं, दर आठवड्याला तपासायला हवं, आणि मध्येच ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही. उद्या सकाळी साडेआठला लॅबमध्ये ये. फॉर्म या वेळी खरा भर. सिस्टर नाही, मी स्वतः रक्त घेईन, आणि एकेक पेशी मीच मोजेन, एकही बाद करणार नाही. तिथून आपण दोघं गुरुवारची तयारी करू. त्या एक्केचाळीस जणांना तुझ्याच तोंडून कळायला हवं की त्यांच्यासारखाच तूही त्या यादीत आहेस. मी तुझ्यावर अजून भडकलेलीच आहे, ते काही एवढ्यात जाणार नाही. तू बरा हो, मग सावकाश भांडू. आई समोर बसलीय, तिला मी काहीही सांगितलेलं नाही. खिशातून हात बाहेर काढ आणि तिला सांग.

रागावलेली, घाबरलेली, तरी तुझीच,
ताई